बोट प्रोजेक्ट अपडेट ४ : ट्रेलरला नंबर मिळाला

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये हलचं (बोटीच्या मुख्य सांगाड्याचं) फायबरचं काम संपल्याचं टाकलं होतं, त्यानंतर बरेच दिवस गप्प होतो कारण बोटीला हातच लागला नाही, सगळा वेळ ट्रेलरच्या रजिस्ट्रेशनमध्ये गेला. आज सकाळी नंबरप्लेट बसवली आणि खरं सांगतो, इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवसाइतका आनंद झाला. जुनी बोट ट्रेलरसकट घ्यायचा विचार ज्यांचा चालू आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय.

बोट बघायला जातो तेव्हा आपण हल ठोकून बघतो, ट्रान्सम (बोटीची मागची सपाट भिंत) दाबून बघतो, इंजिनाचं कॉम्प्रेशन विचारतो, आणि ट्रेलरची फक्त चाकं फिरतायत ना एवढंच बघतो. मीही तेवढंच बघितलं होतं. पण बहुतेक ठिकाणी कायद्याच्या नजरेत ट्रेलर हे वेगळं वाहन असतं, त्याचा मालकीचा कागद वेगळा, चेसिस नंबर वेगळा, प्लेट वेगळी. (सगळीकडे तसंच असतं असंही नाही, ब्रिटनमध्ये लहान खाजगी ट्रेलरवर ओढणाऱ्या गाडीचाच नंबर लावतात. त्यामुळे आधी आपल्याकडचा नियम बघून घ्या.) मला बोटीचे कागद व्यवस्थित मिळाले होते आणि ट्रेलरच्या नावाने एक साधी विक्रीची पावती, त्यावर एक नंबर लिहिलेला. मी तीच घेऊन रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात गेलो.

तिथे पहिल्याच टेबलावर अडलं. पावतीवरचा नंबर १२ आकडी होता आणि फॉर्मवर चेसिस नंबरचे चौकोन १७. आधीच्या मालकाने ट्रान्समच्या उजव्या बाजूला कोरलेला हलचा नंबर उतरवून ट्रेलरच्या पावतीवर टाकला होता! त्याची चूक समजण्यासारखी आहे, दोन्ही नंबर दिसायला सारखेच, अक्षरं आणि आकडे मिसळलेले. पण अशा पावतीवर ट्रेलर विकलाच गेलेला नाही असा त्याचा अर्थ होतो, म्हणून पुन्हा त्याच्याकडे जाऊन नवीन पावती करून घ्यावी लागली. भला माणूस होता म्हणून झालं, तो गाव सोडून गेला असता तर मी आजही तिथेच अडकलो असतो. पैसे देण्याआधी ट्रेलरवरचा नंबर स्वतः वाचा आणि पावतीशी एकेक अक्षर ताडून बघा, एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी खूप झालं.

आता नंबर वाचायचा म्हणजे आधी तो सापडायला हवा. कंपनीची पत्र्याची प्लेट ड्रॉबारजवळ (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याजवळ) रिव्हेट केलेली होती, त्यावर वजनाचे आकडे वाचता येत होते पण चेसिस नंबरच्या जागी मिठाने खाऊन पांढरी बुरशी आल्यासारखं झालेलं. चेसिसवर ठोकलेला नंबर शोधायला अर्धा दिवस गेला, शेवटी पुढच्या लोखंडी पट्टीवर रंगाच्या थराखाली सापडला. तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका, नंबर घासला गेला तर तुम्हीच तो खोडलाय असा संशय येऊ शकतो. मी रंग काढायचं केमिकल लावलं, नायलॉनच्या ब्रशने हळूहळू साफ केलं, मग वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली, लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तसं. १६ अक्षरं स्वच्छ आली, एक जागा मात्र आठ की बी ते कळेना.

इथे मला एक गोष्ट फार उपयोगी पडली. १७ आकडी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणून. आणि नवव्या जागेवर चेक डिजिट असतो, उत्तर अमेरिकेत आणि चीनमध्ये तो सक्तीचा आहे, माझा ट्रेलर त्याच पद्धतीचा निघाला. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, प्रत्येक जागेला ठरलेलं वजन, गुणाकारांची बेरीज करून ११ ने भागायचं, बाकी उरेल ती नवव्या जागी यायला हवी, बाकी १० आली तर तिथे एक्स. मी कागदावर दोन्ही शक्यता करून बघितल्या, बी ची किंमत २ आणि आठची ८, आठ धरल्यावर बरोबर जुळलं. छाप, फोटो आणि हे गणित तिन्ही घेऊन गेलो, तपासणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः भिंगाने बघून आठच मान्य केला.

मग वजन. फॉर्मवर दोन आकडे लागतात, रिकाम्या ट्रेलरचं वजन आणि भरलेल्याचं जास्तीत जास्त वजन. दुसरा आकडा प्लेटवर होता, ७५० किलो. ही ७५० ची रेघ महत्त्वाची आहे, युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ट्रेलरला ब्रेक लागणार की नाही हे साधारण याच आकड्यावर ठरतं. रिकामं वजन काट्यावर करायचं होतं, म्हणून बोट उतरवून ट्रेलर ट्रकच्या वजनकाट्यावर नेला, पण तो काटा २० किलोच्या टप्प्याने मोजतो, माझ्यासारख्याला २० किलो म्हणजे सगळा हिशोबच. ५ किलोने मोजणारा लहान काटा शोधला. रिकामा २५५, बोट, इंजिन, बॅटरी, अँकर, दोर, २५ लिटर पेट्रोल सगळं धरून ७३०. म्हणजे हातात फक्त २० किलो! त्या ७३० मधलं पेट्रोलच १८-१९ किलो आहे, आणि तळाला ४० लिटर पाणी साचलेलं राहिलं की ४० किलो वाढलेच. आता रस्त्यावर टाकी जवळपास रिकामी ठेवायची आणि ड्रेन प्लग (बोटीच्या तळाचं बूच) काढूनच निघायचं असं ठरवलंय.

ज्यांच्या ट्रेलरला कंपनीची प्लेटच नाही त्यांनी एक्सल, टायर (सगळे मिळून) आणि कपलर (ट्रेलर गाडीला अडकवायचा पुढचा भाग) यांच्यावरचे आकडे बघावेत, ज्याचा आकडा सगळ्यात कमी तोच ट्रेलरचा धरायचा. माझ्या टायरवर लोड इंडेक्स ८४ आहे म्हणजे एका टायरला ५०० किलो, दोन्ही मिळून १०००, तिथे काळजी नव्हती.

काट्यावर गेलोच होतो तर कपलरखाली घरचा वजनकाटा ठेवून पुढचा भारही बघितला, फक्त २८ किलो. बोट ट्रेलरला एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार कपलरवर हवा, त्याहून कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. तेव्हाच लक्षात आलं की ट्रान्सम बंकच्या (बोट ज्यावर टेकते त्या ट्रेलरवरच्या आधारपट्टीच्या) टोकाच्या मागे लोंबतोय, म्हणजे हलला खालून आधारही नाही. विंचचा (बोट ट्रेलरवर ओढायच्या चरखीचा) खांब सोडवून २० सेंटीमीटर पुढे घेतला, बोट पुढे ओढली, आता ५२ किलो येतंय आणि ट्रान्सम बंकवर नीट टेकलाय. हे रजिस्ट्रेशनसाठी कुणी विचारलं नव्हतं, पण या सगळ्या उपद्व्यापातून मिळालेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते मला.

इन्स्पेक्शनला पहिल्यांदा नापास झालो, लाइटवर. डावा इंडिकेटर दिला की टेललाइट पण त्याच्या तालावर मिणमिणायचे. असं दिसलं की सरळ अर्थिंग बघा. माझ्या ट्रेलरवर दिव्यांचं अर्थिंग चेसिसमधूनच घेतलेलं होतं, खाऱ्या पाण्यात उतरणाऱ्या लोखंडावर ते टिकत नाही. पांढरी वायर प्लगपासून थेट प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी ओढली, जोड सगळे हीटश्रिंकने (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीने) बंद केले. चार पिनचा प्लग असो की सात पिनचा, पिवळी डावी, हिरवी उजवी, पांढरी अर्थ हे सहसा सारखंच असतं, पण जुन्या ट्रेलरवर कुणी काय जोडलंय सांगता येत नाही, टेस्टर लावूनच खात्री करा. दुसऱ्या वेळी पाच मिनिटांत पास.

नंबरप्लेट कुठे लावायची यावरही डोकं चालवावं लागलं. ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीवर लावली तर ती दर वेळी पाण्यात जाणार, आणि वर उचललेलं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) तिच्यासमोर येऊन अर्धे आकडे झाकणार. शेवटी दिवे, प्लेट आणि प्लेटचा लाइट हे सगळं काढता येणाऱ्या एका लाइटबोर्डवर घेतलं, बोट उतरवायच्या आधी दोन पिना ओढल्या की बोर्ड हातात.

पुढच्या खेपेला ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग उघडायचेत. गरम झालेला हब (चाकाचा मधला भाग) थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं, आणि या ट्रेलरचे सील कधी बदललेत कुणालाच माहीत नाही. फोटो काढून ठेवतो. कुणी स्प्रिंगवाल्या ग्रीस कॅप वापरल्या असतील तर अनुभव सांगा, घेऊ का ते अजून ठरत नाहीये.