‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’

प्रगतिपुस्तकात हा शेरा आला की घरी मुलाला बोलणी बसतात. यामागे एडीएचडी असू शकतो, म्हणजे लक्ष टिकवणं किंवा चंचलता आवरणं मुलाला जमत नाही अशी अवस्था. बोलण्यापेक्षा तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन बसा. गणिताची सर्वांत बोलकी. रीत बरोबर, पण ५८ चे ५३ उतरवलेले, तिसऱ्या पायरीत वजाचं चिन्ह गळालेलं, पान उलटल्यावरचा प्रश्न कोराच. आकडा पाहून कागदावर उतरेपर्यंत डोक्यात धरावा लागतो. तो तिथेच निसटतो. म्हणून तेच गणित वीसदा सोडवून घेण्यात अर्थ नाही. मूल दमतं आणि चुका वाढतात.

चौकटींची वही घ्या, एका चौकटीत एकच अंक. खालची गणितं कोऱ्या कागदाने झाका. प्रत्येक पायरीनंतर चिन्हाखाली पेन्सिलीने टिंब द्यायची सवय लावा. अभ्यास १०-१५ मिनिटं, मग ५ मिनिटं उठून हालचाल. त्यात मोबाइल नको, तिथून परत आणणं महाकठीण. ‘दप्तर भर, डबा काढ, मोजे धुवायला टाक’ असं एका दमात सांगितलं तर एखादंच काम होतं. एक झालं की दुसरं सांगा. वर्गात पहिला बाक चांगला, पण दाराजवळचा नको आणि वह्या तपासून घ्यायला रांग लागते तिथलाही नको.

‘मोबाइलवर दोन तास बसतो, मग कसला एडीएचडी?’ हा प्रश्न हमखास येतो. गेममध्ये दर काही सेकंदांनी बक्षीस मिळतं, धड्यात मिळत नाही. त्यामुळे गेममधल्या एकाग्रतेवरून काहीच ठरत नाही. गडबड न करता खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुली तर कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

निदान रक्ततपासणीने किंवा स्कॅनने होत नाही. लक्ष न लागण्याच्या ९ लक्षणांपैकी किमान ६ (किंवा अतिचंचलतेच्या ९ पैकी ६), कमीत कमी ६ महिने, घर-शाळा अशा दोन ठिकाणी आणि सुरुवात वयाच्या १२ वर्षांआधी, असा निकष आहे. निदानाआधी डोळे, कान आणि झोप तपासून घ्या. रोज घोरणारं मूलही वर्गात असंच दिसतं. बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघून पुन्हा पूर्ववत होत असेल तर ती फिट (आकडी) असू शकते. वाचताना सतत अडखळत असेल तर अध्ययन अक्षमतेची (वाचन-लेखन शिकण्यातच अडचण) तपासणी वेगळी.

डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध दिलं तर साध्या गोळीचा असर साधारण ४ तास राहतो. सकाळच्या गोळीवर संध्याकाळचा अभ्यास होणार नाही. भूकही मरते, तेव्हा पोटभर न्याहारी गोळीआधी. वजन, उंची आणि रक्तदाब वेळोवेळी मोजून वहीत लिहून ठेवा.