सोलर चार दिवसांत बसलं, मीटरवरचं नाव बदलायला साडेचार महिने गेले

आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसलंय, पीएम सूर्यघर या घरगुती सोलरला सबसिडी देणाऱ्या सरकारी योजनेतून. पॅनल, वायरिंग, इन्व्हर्टर सगळं मिळून चार दिवस लागले, त्याबद्दल काही तक्रार नाही. मला सांगायचंय ते त्याआधीचं.

आम्ही बडोद्यात समा भागात राहतो. घर सासऱ्यांनी बांधलेलं, लाइट बिल त्यांच्याच नावावर. २०१५ ला इथे जवळच नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॅटचं सोलर झालं तेव्हापासून ते म्हणायचे, ऊन आपल्याकडेही आहेच की. ते गेल्यावर बिल तसंच भरत राहिलो, कोणी काही विचारलं नाही. पण योजनेचा अर्ज बिलावरच्या ग्राहक नंबरवर होतो आणि सबसिडीसाठी बँक खात्यावरचं नाव बिलाशी जुळावं लागतं, म्हणजे आधी मीटर ह्यांच्या नावावर करणं आलं.

मृत्यूचा दाखला, वेरा पावती (घरपट्टीची), पेढीनामा (वारसांची वंशावळ), दीर आणि नणंदेची संमती असं सगळं घेऊन वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. खिडकीवरच्या माणसाने बिल बघितलं, दाखला बघितला आणि म्हणाला, "बेन, आ तो बे जुदा माणस छे." म्हणजे ही तर दोन वेगळी माणसं. का, तर बिलावर सासऱ्यांच्या नावाला 'भाई' लावलेलं आणि दाखल्यावर 'राव'! इथल्या मराठी घरांना हे नवीन नाही, कोणीतरी भाई लावून देतं आणि आपणही चालवून घेतो. पत्ता तोच, आडनाव तेच, वडिलांचं नाव तेच, तरी तो ऐकेना. ॲफिडेव्हिट आणा म्हणाला. आणलं, तर त्यात आडनाव आधी लिहिलं नाही म्हणून परत. मग साहेब रजेवर. मग नणंदेची संमती पुण्यात नोटरी केलेली, ती चालणार नाही, इथे येऊन सही करा. ६८ वर्षांची बाई, गुडघे दुखतात, एका सहीसाठी रात्रभर रेल्वेने आली. मला त्याचा राग आजही येतो.

शेवटी सासऱ्यांच्या कपाटातल्या फाइलीत कनेक्शन घेतलं तेव्हाची डिपॉझिटची पावती सापडली, त्यावर स्वच्छ 'राव' लिहिलेलं. म्हणजे भाई वीज कंपनीच्याच ऑफिसात नंतर कधीतरी लागलं. ती पावती पुढे ठेवली आणि त्या दिवशी अर्ज घेतला. घरी येऊन मी आधी सासऱ्यांच्या फोटोपुढे दिवा लावला.

तर ज्यांच्या घरी बिल अजून आजोबांच्या, वडिलांच्या नावावर आहे त्यांनी आजच बघा, व्हेंडरला ॲडव्हान्स देण्याच्या आधी. आम्ही देऊन बसलो होतो, तो रोज फोन करायचा. आणि जुन्या पावत्या रद्दीत घालू नका.

पॅनल डीसीआर म्हणजे भारतात बनलेल्या सेलचेच घ्या, नाहीतर सबसिडी मिळत नाही. ३ किलोवॅटला ७८,००० मिळतात, त्याहून मोठं बसवलं तरी तेवढेच. इन्व्हर्टर आम्ही वर जिन्यात लावून घेतला, २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या ओट्यापर्यंत आलं होतं, व्हेंडर खाली मीटरजवळच लावत होता. हो, आणि लाइट गेली की हे सोलरही बंद होतं, लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून, त्यामुळे घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर विकू नका.

सोलरच्या आधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास, आमचे पाच पंखे एप्रिल-मे मध्ये दिवसरात्र फिरतात.

आता उन्हाच्या दिवशी १२-१३ युनिट होतात, सकाळी ऊन चढायच्या आधी हे पाइपने पॅनल धुतात. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला मात्र गच्चीवर पतंगवाल्या पोरांना यंदा एका कोपऱ्यातच उभं केलं, मांजा पॅनलच्या वायरीत अडकला की काढताना वायर कापली जाते.

ॲफिडेव्हिटचा मजकूर कोणाला हवा असेल तर सांगा, दोन्ही नावं एकाच माणसाची असं आडनाव आधी घालून लिहिलेला आहे, पाठवते.