कळ पायातून कमरेत आली तेव्हा

चाळिशीतले एक शिंपी त्या दिवशी भावाच्या आधाराने माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत आले. खांदे उजवीकडे, कंबर डावीकडे, असं अख्खं शरीर एका बाजूला कललेलं. कळ डाव्या कुल्ह्यातून निघून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. बसलं की वाढायची, खोकला आला की सणकायची. एमआरआयची पिशवी टेबलावर ठेवत म्हणाले, "मॅडम, गादी सरकलीय. एल-फोर एल-फाइव्ह. आता ऑपरेशनच ना?" म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादीसारखी चकती बाहेर आलेली.

फिल्म बघण्याआधी मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. लघवी अडकते का? होताना कळते का? शौचावर ताबा आहे? मांड्यांच्या मधे, बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा? दोन्ही पायांतली ताकद जातेय का? भाऊ अवघडून इकडेतिकडे बघू लागला, पण हे प्रश्न संकोचाने गाळता येत नाहीत. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा जो जुडगा असतो तो दबला तर व्यायामाचा विषयच संपतो. तिथून रुग्णाला तातडीने हॉस्पिटलमध्ये पाठवायचं असतं, कारण उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. यांची सगळी उत्तरं "नाही" होती.

मग तपासणी. पाय सरळ ठेवून उचलला तर जेमतेम ३५ अंशांवर कळ उठली. अंगठा वर ओढून धरायला सांगितला, तो माझ्या एका बोटाच्या दाबाने खाली गेला. घोट्याचा रिफ्लेक्स, म्हणजे टाचेमागे हातोडी मारली की पाऊल आपोआप हलणं, मात्र शाबूत; तो त्याखालच्या नसेचा. म्हणजे दबलेली नस एल-फाइव्हची, कमरेच्या पाचव्या मणक्याजवळची, आणि फिल्मही तेच सांगत होती. हे जुळणं मी फार महत्त्वाचं मानते. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या. नुसत्या रिपोर्टवरून कुणाला घाबरवू नये ते यासाठीच.

आधी उभं करून त्यांची कंबर हळूहळू मधोमध आणली. मग पालथं झोपवलं, थोड्या वेळाने कोपरांवर टेकवलं, नंतर हात सरळ करून फक्त छाती उचलायला लावली, कंबर सैल. दर काही वेळा केल्यावर मी विचारत होते, कळ आता कुठे? अंगठ्यातून गेली. मग पोटरी सुटली. आणि एकदम ते ओरडले, "मॅडम, कमरेत जास्त दुखतंय! बिघडलं ना?" भाऊ पुढे झाला, "थांबवा आता."

मला मात्र मनापासून आनंद झाला होता. कळ पायातून वर सरकून कमरेत गोळा होणं हे चांगलं लक्षण; ज्यांच्यात हे दिसतं त्यांना व्यायामाने बरं वाटण्याची शक्यता जास्त. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांना हे १९५६ मध्ये अपघातानेच दिसलं होतं. त्यांचा एक रुग्ण डोक्याकडून उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आणि उठला तेव्हा पायातलं दुखणं गेलं होतं. दोघा भावांना हे समजावलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरची भीती काही हटेना.

पटलं ते बूट घालताना. शिंपी स्टुलावर पाठीचा बाक काढून खाली वाकले आणि कळ सर्रकन पोटरीत उतरली. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मशीनवर मी असाच बसतो." उभे राहिले, कमरेवर हात ठेवून चार-पाचदा मागे झुकले. कळ परत वर आली. आता ते घाबरले नाहीत. भावालाच बोटाने जागा दाखवत होते, इथे होती, आता इथे आहे.

औषधं डॉक्टरांनी दिलेलीच चालू ठेवली. घरी करायला एवढाच व्यायाम दिला, दिवसातून अनेकदा, थोडा थोडा. मशीनवर कमरेमागे टॉवेलची गुंडाळी आणि दर अर्ध्या तासाने उठणं. पुढे झुकून करायचे व्यायाम तूर्त बंद. बाहेर आलेला चकतीचा भाग बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, त्याला काही आठवडे, महिने लागतात, हेही सांगितलं.

पायातली कळ काही आठवड्यांत गेली. अंगठ्याची ताकद मात्र त्यानंतरही बराच काळ पूर्ण परतली नव्हती. दर भेटीत मी आधी अंगठाच तपासायचे. तो आणखी ढिला पडत गेला असता तर मीच त्यांना सर्जनकडे पाठवलं असतं.