द्राक्षांच्या गावात कुत्र्याचे पोट

नाशिकमध्ये कुत्रा पाळणाऱ्याने त्याचे पोट बिघडल्यावर सर्वांत आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा, की याने द्राक्षे किंवा कांदा खाल्ला आहे का? जानेवारी ते एप्रिल या हंगामात आमच्या जिल्ह्यात घरोघरी द्राक्षांची पेटी येते, गळालेले मणी रस्त्याच्या कडेला पडलेले असतात, आणि कांदा तर बारमाही, कारण लासलगावची बाजारपेठ आमच्याच निफाड तालुक्यातली. आमचा मोती गावठी आहे आणि फिरायला निघाला की नाक जमिनीला लावूनच चालतो, त्यामुळे ही चौकशी आमच्या घरी सवयीचीच झाली आहे.

द्राक्षे, मनुके आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात, हे अनेक पाळणाऱ्यांना अजूनही ठाऊक नसते. अडचण अशी, की किती द्राक्षांनी अपाय होईल हे सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो, तर दुसऱ्याला थोडक्यानेच बाधा होते. या विषबाधेमागे द्राक्षांतील टार्टारिक आम्ल असावे, असा अंदाज 2021 पासून पुढे आला आहे. जात आणि पिकण्याची अवस्था यांनुसार या आम्लाचे प्रमाण बदलते, आणि ते चिंचेतही भरपूर असते, म्हणून आमटीतली चिंच किंवा चिंचेचा कोळही मी मोतीच्या वाट्याला येऊ देत नाही. द्राक्षे खाल्ल्यावर साधारणपणे काही तासांतच उलट्या सुरू होतात, मागोमाग जुलाब आणि सुस्ती येते, आणि मूत्रपिंडाचा बिघाड एक ते तीन दिवसांत उघड होतो. त्यामुळे कुत्र्याने द्राक्षे खाल्लेली दिसली, की लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे धाव घ्यावी. पहिल्या दोनएक तासांत पोट रिकामे करता आले तर बराच फरक पडतो. मात्र ते काम डॉक्टरांचे आहे. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे हा धोकादायक प्रकार आहे, कारण त्याने रक्तातील सोडियम जिवावर बेतण्याइतके वाढू शकते.

कांद्याचे वेगळे आहे. कच्चा असो, शिजवलेला असो किंवा वाळवलेला, कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो आणि त्याचे परिणाम काही दिवसांनी दिसतात: हिरड्या फिकट पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते, कुत्रा थोडे चालूनही धापा टाकतो. लसणाचेही तसेच. मिसळीचा उरलेला रस्सा, कांद्याची भजी, कांदा-लसूण मसाल्यात परतलेला भात हे सारे आम्ही प्रेमापोटी पुढे सरकवतो, शेजारच्या काकू तर म्हणतात, "घरचंच अन्न आहे, त्याने काय होतंय?" त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण घरचे अन्न म्हणजे बहुधा कांदा-लसणाचेच अन्न, हे त्यांना कितीदा सांगायचे!

बागेच्या परिसरात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फवारणीच्या पिंपातील पाणी किंवा औषधाची रिकामी बाटली कुत्र्याने चाटली आणि नंतर लाळ गळणे, जुलाब, अंग थरथरणे, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे अशी लक्षणे दिसली, तर तो पोटाचा साधा बिघाड नव्हे, कीटकनाशकाची बाधा असू शकते. अशा वेळी बाटली किंवा निदान तिचे लेबल सोबत घेऊनच दवाखाना गाठावा.

यांपैकी काहीही नसले, कुत्रा खेळकर असला आणि पाणी पीत असला, तर एखाददुसरी उलटी किंवा पातळ शी एक-दोन दिवसांत आपोआप थांबते. काळजी घेणाऱ्याचे खरे काम औषध शोधण्याचे नसून बारकाईने पाहण्याचे असते. शी थोडी-थोडी, वारंवार, शेंबडासारख्या चिकट पदार्थासह आणि कधी ताज्या लाल रक्ताच्या थेंबांसह होत असेल, तर बिघाड बहुधा मोठ्या आतड्यात असतो. ती एका वेळी भरपूर आणि पाण्यासारखी होत असेल, तर लहान आतड्यात, आणि तेव्हा अंगातील पाणी लवकर घटते. डांबरासारखी काळी शी हे मात्र पोटात वर कुठेतरी रक्त वाहत असल्याचे लक्षण असू शकते. हिरडी बोटाने दाबून सोडावी. दाबाने पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच सपाट झाली नाही, किंवा हिरड्या चिकट लागल्या, तर शरीर कोरडे पडू लागले आहे असे समजावे. तापमान गुदद्वारातून मोजावे. 101 ते 102.5 फॅरेनहाइट हे कुत्र्याचे नेहमीचे तापमान आहे, त्यामुळे माणसाच्या मोजमापाने त्याला तापलेला ठरवू नये.

पाणी थोडे-थोडे आणि वारंवार द्यावे. एकदम भरलेले भांडे पुढे ठेवले की तहानलेला कुत्रा ते संपवतो आणि लगेच उलटून टाकतो. उलट्या थांबल्यावर काही तासांनी मऊ भात आणि बिनहाडाचे, साध्या पाण्यात उकडलेले चिकन अगदी थोड्या प्रमाणात द्यावे. त्यात मीठ, तेल आणि मसाला नको, आणि आले-लसणाची पेस्ट तर मुळीच नको, जी हाताच्या सवयीने पातेल्यात पडते. मांसाहार न करणाऱ्या घरांत भातासोबत उकडलेला लाल भोपळा आणि थोडे पनीर चालते. दूध मात्र टाळावे, कारण पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यांना ते बहुधा पचत नाही. दही त्यापेक्षा सोसते, तेही चमचाभर. शी बांधून येऊ लागली की नेहमीचे खाणे तीन-चार दिवसांत हळूहळू मिसळत जावे, कारण नुसता भात आठवडेच्या आठवडे चालवण्याजोगा आहार नव्हे.

औषधांच्या बाबतीत मी हट्टी आहे. माणसांची वेदनाशामके, म्हणजे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, कुत्र्याला विषासमान ठरू शकतात, आणि जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी कोली जातीच्या कुत्र्यांत आनुवंशिक दोषामुळे मेंदूपर्यंत पोहोचून अपाय करते. घरात उरलेली प्रतिजैविकेही देऊ नयेत. साधे जुलाब त्यांच्याशिवायच थांबतात आणि आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मात्र नाहक मरतात. जंताचे औषध वेळेवर दिले आहे का आणि गोचिड झाले आहेत का, हे प्रश्न डॉक्टर विचारणारच, तेव्हा नोंदवही जवळ असावी.

पिल्लांच्या बाबतीत घरी थांबून वाट पाहण्याचा हा मार्ग लागू नाही. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि दुर्गंधीयुक्त रक्ताचे जुलाब होऊ लागले, तर पार्व्हो विषाणूची शंका पहिल्याच तासाला घ्यावी आणि उपाशी ठेवण्याचा प्रयोग करू नये. मोठ्या, खोल छातीच्या जातीचा कुत्रा उलटीचा जोर करत असेल पण बाहेर काहीच येत नसेल, आणि पोट फुगून घट्ट झाले असेल, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो; तिथे सकाळपर्यंत थांबणे परवडत नाही. म्हणून आपल्या भागातील कोणता पशुवैद्यक रात्री फोन उचलतो, याची खात्री दिवसाढवळ्या करून ठेवावी, आणि निघताना शीचा ताजा नमुना झाकणाच्या स्वच्छ डबीत घ्यावा, उलटीचा फोटो मोबाइलवर काढावा. आपल्या वर्णनापेक्षा डॉक्टरांना त्याचाच अधिक उपयोग होतो.