रेनमार्कची साडेतीन वर्षं: ४९१ व्हिसा आणि राहण्याची अट

तासगावहून मावसभावाचा फोन आला. त्याला ऑस्ट्रेलियाच्या ४९१ व्हिसासाठी इन्व्हाइट, म्हणजे अर्ज करायचं बोलावणं, आलं होतं. आनंदाचं बोलणं झाल्यावर त्याने विचारलं, "दादा, नॉमिनेशन एका राज्याचं असलं तरी राहायला मेलबर्नला गेलं तर चालतंय न्हवं? एजंट तर म्हणतोय, एकदा उतरून घ्या, मग कोण बघतंय."

शब्द न् शब्द हेच उत्तर मला २०२० साली पुण्यातल्या एका एजंटने दिलं होतं. त्यावर विसंबून राहिलो असतो तर आमचं काय झालं असतं, हे आता मला नीट कळतं. फोनवर एवढं सगळं सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

आधी मुळातला फरक. राज्याच्या नॉमिनेशनवर, म्हणजे शिफारशीवर, मिळणारे दोन व्हिसे आपल्या लोकांच्या बोलण्यात कायम एकमेकांत मिसळतात. १९० हा पहिल्या दिवसापासून पीआर, म्हणजे कायम राहण्याचा हक्क. निवड वय, शिक्षण, इंग्रजी वगैरेंच्या पॉइंटांवर होते; त्यात १९० ला राज्याचे ५ पॉइंट मिळतात आणि दोन वर्षं त्या राज्यात राहीन असं आपण राज्याला लिहून देतो. पण ते वचन राज्याला दिलेलं असतं, व्हिसाच्या कागदावर तशी अट नसते. ४९१ तसा नाही. तो पाच वर्षांचा, तात्पुरता. त्याला १५ पॉइंट मिळतात आणि त्या बदल्यात व्हिसावरच अट बसते, क्रमांक ८५७९: राहणं, काम करणं आणि शिकणं फक्त ठरवलेल्या रीजनल भागातच. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन शहरं सोडली तर बाकीचा देश या 'रीजनल'मध्ये येतो. अॅडलेड, पर्थ, कॅनबेरासुद्धा. म्हणजे रीजनल म्हटलं की ओसाड माळरानच, असं काही नाही. पण ती तीन शहरं नाहीत म्हणजे नाहीत. अट मोडली तर व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि तीन वर्षांनी ज्या १९१ व्हिसावर पीआर मिळते, तिथे अट पाळली होती का हेच तपासलं जातं.

मी राहुरीचा कृषी पदवीधर. नाशिकला द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका कंपनीत काम करत होतो. स्किल असेसमेंट, म्हणजे शिक्षण आणि अनुभवाची तपासणी, व्हेटअसेस या संस्थेकडे. त्यात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला अनुभवाच्या पत्राने. नोकरीतली कामं, आठवड्याचे तास, पगार, सगळं लेटरहेडवर लागतं. कंपनीच्या एचआरने दोन ओळींचं छापील पत्र हातात ठेवलं आणि पुढे एक शब्द लिहायला नकार दिला. शेवटी माझे जुने वरिष्ठ स्वतः जाऊन बसले, तेव्हा पत्र मिळालं. पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेत चारही विभागांत ६५ च्या वर आले. वयाचे ३०, पदवीचे १५, इंग्रजीचे १०, अनुभवाचे १०, बायकोच्या इंग्रजीचे ५ आणि राज्याचे १५, असे ८५ झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचं नॉमिनेशन आलं. इन्व्हाइटनंतर अर्ज करायला ६० दिवस असतात. मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात चार हजारांवर डॉलर फी भरून मोकळा झालो.

२० मार्चला ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या.

पुढची दोन वर्षं मी कधीच विसरणार नाही. पोलीस क्लिअरन्स एकदा काढलं, त्याची मुदत गेली, पुन्हा काढलं. मेडिकलचंही तसंच. गावात लोक विचारायचे, "गेला नाहीस अजून?" एक गोष्ट मात्र चांगली की वय इन्व्हाइटच्या तारखेचं धरतात, त्यामुळे मी तेहतिशीत गेलो तरी पॉइंट हलले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्रँटचं, म्हणजे व्हिसा मंजुरीचं, पत्र आलं. माझ्या मावसभावाने आणि त्याच्यासारख्या सगळ्यांनी हे पत्र एकदा तरी सावकाश, बोट ठेवून वाचावं. ८५७९ तर असतेच. शिवाय ८५७८: घराचा पत्ता, फोन, ईमेल, पासपोर्ट, कामाचं ठिकाण, यातलं काहीही बदललं की १४ दिवसांच्या आत कळवायचं. ८५८०: मागतील तेव्हा २८ दिवसांत राहण्याचे-कामाचे पुरावे द्यायचे. आणि या अटी घरातल्या प्रत्येकाला लागू असतात. माझ्या बायकोच्या पत्रावर त्याच होत्या, चार वर्षांच्या मुलीच्या पत्रावरही त्याच.

मे महिन्यात आम्ही अॅडलेडला उतरलो. तिथेच राहिलो असतो तरी चाललं असतं, पण माझ्या हाताला येणारं काम द्राक्षांचं, आणि ते अडीचशे किलोमीटरवर रिव्हरलँडमध्ये, मरी नदीच्या काठी. तिथलं रेनमार्क हे गाव १८८७ साली मूळच्या कॅनडाच्या, कॅलिफोर्नियाहून आलेल्या शॅफी बंधूंनी कालव्याच्या पाण्यावर वसवलं. बसमधून बाहेर बघत होतो. तासन् तास करडी झुडपं, आणि मग एकदम सरळ ओळीत हिरवीगार संत्री, बदाम आणि द्राक्षं. एका शेतात बेदाणा वाळवायच्या रॅक दिसल्या, जाळीवर जाळी रचलेल्या, वर पत्रा. मी तिथूनच आबांना व्हिडिओ कॉल लावला. आबा म्हणाले, "आरं, ही तर आपलीच शेड हाय!" खरं तर उलट आहे. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात द्राक्षं बुडवून रॅकवर वाळवायची आपल्याकडची रीत ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणूनच ओळखली जाते. आमच्या घरी माझ्या लहानपणापासून तेच चाललंय. ज्या देशाच्या नावाने ती ओळखली जाते, तिथेच मी कामाला येऊन पोचलो होतो.

पहिलं काम मिळालं छाटणीचं, तासावर. ४९१ वर नॉमिनेट झालेल्या व्यवसायातच काम केलं पाहिजे असं बंधन नाही, त्यामुळे ती काळजी नव्हती. जूनमधली पहाट, वेलींवर पांढरं दव गोठलेलं, हातमोज्यातून बोटं बधिर. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी, वेलीला बाराही महिने उसंत नाही. इथे थंडीत वेल पूर्ण झोपते. पान नाही, रस नाही, नुसता तपकिरी लाकूडफाटा. वर्षात एकच छाटणी. कोणती काडी ठेवायची आणि किती डोळ्यांवर कापायची, हे मला इथल्या एका ग्रीक म्हाताऱ्याने शिकवलं. तो काडी वाकवून कानाजवळ न्यायचा आणि तिचा आवाज ऐकायचा. चार महिन्यांनी त्याच मळ्यात मला टेक्निकल ऑफिसर म्हणून पक्की नोकरी मिळाली.

बायकोला मात्र फार जड गेलं. ती पुण्यात बँकेत होती. इथे संध्याकाळी साडेपाचला दुकानं बंद, मराठी बोलायला कोणी नाही, गणपतीला अॅडलेडला जायचं म्हणजे जाऊन-येऊन सहा तास. ती दोन महिने रडली, हे मी लपवत नाही. मुलगी शाळेत रमली आणि शाळेतल्या एका पंजाबी मुलीची आजी हिच्याशी हिंदीत बोलायला लागली, तेव्हा घरातली हवा जरा बदलली. त्या घरातल्या सरदारजींची स्वतःची संत्र्यांची बाग आहे. पुढे त्यांनीच आम्हाला तारलं.

डिसेंबर २०२२ मध्ये मरीला पूर आला. १९५६ नंतरचा सगळ्यात मोठा. आपला कृष्णेचा पूर रात्रीत दारात येतो. ही नदी तशी नाही. वरच्या राज्यांत पडलेलं पाणी आठवडे-महिने चालत येतं. किती तारखेला किती चढणार हे आधी जाहीर होतं, आणि तुम्ही नुसतं वाट बघत बसता. लेव्हीवर, म्हणजे नदीकाठच्या बांधावर, माती चढवायचं काम चालू होतं, माणसं वाळूच्या पिशव्या भरत होती. आमचं भाड्याचं घर पॅरिंगाच्या बाजूला, सखल भागात. नाताळाच्या आधी सोडावं लागलं. सरदारजींनी बागेतली मजुरांची खोली उघडून दिली, आम्ही तिथे सात आठवडे राहिलो. भाडं घ्यायला त्यांनी साफ नकार दिला.

सामान हलवून झालं त्या रात्री बायको म्हणाली, "पत्ता बदलला ना आपला?" मला सुचलंच नव्हतं. चौदा दिवसांत कळवायचं, आणि पुराला त्यात सूट आहे असं पत्रात कुठेही लिहिलेलं नव्हतं. खोलीत नेट नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन इमीअकाउंटवर, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन खात्यावर, नवा पत्ता भरला, आणि परतल्यावर पुन्हा एकदा जुना भरला. दोन्ही पावत्यांच्या प्रिंट काढून डब्यात ठेवल्या. डबा म्हणजे पत्र्याचा, बिस्किटांचा. त्यात भाडेकरार, विजेची बिलं, पगाराच्या स्लिपा, मुलीची शाळेची प्रगतिपुस्तकं, सगळं पहिल्या दिवसापासून साठवत गेलो.

२०२३ मध्ये बायकोच्या मैत्रिणीने तिच्यासाठी मेलबर्नला नोकरी आणली. अकाउंट्सची, तिच्या शिक्षणाला साजेशी. त्या आठवड्यात आमची लग्नानंतरची सगळ्यात मोठी भांडणं झाली. ती म्हणायची, "मुख्य अर्जदार तू आहेस, अट तुला. मी आठवडाभर तिथे राहीन, शनिवार-रविवार येईन." एजंटला फोन केला तर तोही म्हणाला, चालतं. मग मी ग्रँटची दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी ठेवली. तिने स्वतः वाचली. बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "नाही म्हणून कळवते." फिरायला मेलबर्नला कितीही वेळा जा, हरकत नाही. राहायचं आणि काम करायचं नाही. पुढच्या वर्षी तिला बेरी गावात एका बदामाच्या कंपनीत हिशेबाचं काम मिळालं. पगार मेलबर्नपेक्षा बराच कमी. ते नुकसान तिने सोसलं, मी नाही. आमच्या व्हिसाची गोष्ट सांगताना हे आधी सांगायला पाहिजे.

माझी परीक्षा २०२४ मध्ये झाली. चीनने २०२० च्या शेवटी ऑस्ट्रेलियन वाइनवर जबर कर लावला होता. तो मार्च २०२४ मध्ये उठला, पण तोवर लाल द्राक्षांना कोणी विचारेना झालं होतं. तोडणीचा खर्चही निघत नाही म्हणून लोकांनी माल वेलीवरच सोडला. सुकून काळे पडलेले घड ओळीच्या ओळी लोंबताना बघितले की पोटात तुटायचं. अवकाळीनंतर आमच्या गावात शेतकऱ्यांचे चेहरे जसे होतात, तसेच इथेही होते. आमच्या मळ्याने माझे दिवस कमी केले. त्याच वेळी मिल्ड्युराहून टेबल द्राक्षांच्या कामासाठी विचारणा आली, पगार दीडपट.

मिल्ड्युरा इथून दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पण राज्य व्हिक्टोरिया. तेही रीजनल, म्हणजे ८५७९ मोडत नाही. व्हिसाच्या दृष्टीने मी जाऊ शकत होतो. पण नॉमिनेशन घेताना साउथ ऑस्ट्रेलियाला मी लिहून दिलं होतं की इथेच राहीन, इथेच काम करीन. ती व्हिसाची अट नव्हे, माझी सही होती. आम्ही बघायला म्हणून मिल्ड्युराला गेलो. येताना बायकोने आंब्यांची एक पेटी घेतली. हद्द ओलांडली की यांबाला क्वारंटाइन नाका आहे. फळमाशी रिव्हरलँडमध्ये शिरू नये म्हणून तिथे प्रत्येक गाडी थांबवतात आणि फळं काढून घेतात. ते लक्षातच नव्हतं. अख्खी पेटी कचऱ्याच्या डब्यात गेली. मुलगी रडायला लागली, तेव्हा नाक्यावरच्या बाईंनी वाकून तिला समजावलं, "तुझ्या बाबांच्या बागेसाठी करतेय मी हे." बागा आमच्या नव्हत्याच. पण रात्री घरी आल्यावर मी मिल्ड्युराला नाही म्हणून कळवलं. कमी दिवसांवर तो हंगाम काढला, पुढे लॉक्स्टनजवळ बदामाच्या बागेत काम मिळालं.

ऑगस्ट २०२५ मध्ये १९१ चा अर्ज केला. ४९१ हातात येऊन तीन वर्षं पूर्ण झालेली लागतात आणि तीन आर्थिक वर्षांची टॅक्स ऑफिसची नोटीस ऑफ असेसमेंट, म्हणजे कर-आकारणीचं पत्र. इथलं वर्ष जुलै ते जून, म्हणून २०२४-२५ चं रिटर्न भरून नोटीस येईपर्यंत थांबलो. राज्याकडून पुन्हा नॉमिनेशन लागत नाही, पॉइंटही नाहीत. डबा उघडून सगळं तारखेनुसार लावलं तर एकच भोक निघालं, पुरातले सात आठवडे. करार नाही, बिल नाही. सरदारजींनी स्टॅच्युटरी डिक्लरेशन, म्हणजे आपल्या प्रतिज्ञापत्रासारखं निवेदन, लिहून दिलं आणि गावातल्या फार्मासिस्टने साक्षीदार म्हणून सही केली. इथे फार्मासिस्टची सही चालते.

एक गोष्ट मावसभावाला आवर्जून सांगितली: अर्ज टाकला म्हणजे सुटलो असं होत नाही. १९१ हातात येईपर्यंत आपण ४९१ वरच असतो, अटी तशाच चालू राहतात. आमचा निकाल अजून यायचा आहे. मध्यंतरी घरमालकाने घर विकायला काढलं आणि आम्ही दोन गल्ल्या सोडून राहायला आलो. ट्रक रिकामा झाला, मी पाणी प्यायला बसलो तर मुलीने डबा आणून पुढ्यात ठेवला. ती आता आठ वर्षांची आहे. तिसऱ्या दिवशी पत्ता बदलला.