आधी अपेक्षा सांगा, मग अल्बमबद्दल बोला

प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांना २०२४-२५चा हिवाळा भरभरून देऊन गेला. २२ नोव्हेंबरला स्वीडनच्या ओपेथचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ आला. ७ फेब्रुवारीला ड्रीम थिएटरचा ‘पॅरासोम्निया’, ७ मार्चला जेथ्रो टलचा ‘क्युरियस रुमिनंट’ आणि पुढच्याच शुक्रवारी स्टीव्हन विल्सनचा ‘द ओव्हरव्ह्यू’. नेदरलँड्समध्ये ऐन हिवाळ्यात साडेचारलाच अंधारून येतं, बाहेर वारा आणि तिरका पाऊस. घरात बसून ऐकायला याहून चांगले दिवस नाहीत. या चारही अल्बमवर आमच्या मंडळींनी जे वाद घातले ते मला इथे लिहून ठेवायचेत. संगीतावर असं कडाडून आणि तरीही इतकं प्रेमाने भांडणारी माणसं मला याआधी फक्त सवाई गंधर्वच्या मंडपाबाहेर, चहाच्या रांगेत भेटली होती.

या संगीताच्या वाटेला न गेलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही बँडनी तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली. वीस-वीस मिनिटांच्या रचना, मध्येच पालटणारे ताल, मेलोट्रॉन हे टेपवर चालणारं कीबोर्ड वाद्य, बासरी, कधी अल्बमभर चालणारी एकच गोष्ट. किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम १९६९चा. येस, जेनेसिस, जेथ्रो टल ही पुढची मोठी नावं. डच लोकांनी हे संगीत तेव्हापासून जिवापाड जपलंय. त्यांचा स्वतःचा फोकस हा बँड त्याच काळातला. आणि आज डच संगीतकार आर्येन लुकासन आपल्या एरिऑन या प्रकल्पाचे रॉक ऑपेरा टिलबर्गच्या ०१३ या सभागृहात करतो, तेव्हा त्यासाठी लोक परदेशातून विमानाने येतात.

आमची मंडळी जमली ती डेन हागच्या, म्हणजे हेगच्या, शेजारच्या झूटरमेअरमध्ये. तिथल्या बूर्डेराय या सभागृहात प्रॉगचे, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकचे, बँड हक्काने वाजवतात. कार्यक्रमानंतर कोट घ्यायच्या रांगेत गप्पा सुरू झाल्या आणि एका निवृत्त रेल्वे इंजिनिअरने थेट घरी यायचंच बोलावणं दिलं. डच माणूस अनोळख्याला असं पटकन घरी बोलवत नाही, हे इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. त्याच्याकडे एक भौतिकशास्त्राचे शिक्षक येतात, रात्रपाळी करणारी एक नर्स येते, ध्वनिमुद्रणात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ येतात. बहुतेक सगळे साठीच्या आगेमागे. नाशकातून आलेली मी त्यांच्यात वयाने सगळ्यात लहान.

या घरात एक रिवाज आहे. अल्बम पूर्ण वाजेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा त्यातला सोपा भाग. मी नेलेलं भडंगही तोवर टेबलावर झाकूनच राहतं, कारण हळुवार जागी कुरकुर आवाज चालत नाही. अवघड भाग त्यानंतरचा. मत देण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, की या अल्बमकडून माझी अपेक्षा काय होती आणि ती आली कुठून. मग ऐकलं काय ते. ‘आवडला’, ‘नाही आवडला’ एवढ्यावर कुणाची सुटका नाही. कुठल्या जागी, काय वाजलं म्हणून, हे सांगावं लागतं. इंजिनिअरसाहेब तर वहीत मिनिटं-सेकंद लिहून ठेवतात: डावीकडे वेळ, उजवीकडे एक-दोन शब्द, आणि जिथे काही खटकलं तिथे लाल पेन्सिलीची फुली. अल्बम संपला की ते वही उघडून गुडघ्यावर ठेवतात आणि रेकॉर्डची ती बाजू पुन्हा लावायची तयारी ठेवतात.

ओपेथच्या संध्याकाळी या रिवाजाचं मोल खरं कळलं. २००८च्या ‘वॉटरशेड’ या अल्बमनंतर ओपेथचा गायक मिकाएल ओकरफेल्टने अल्बमवर ग्रोल करणं, म्हणजे घशाच्या तळातून येणारा तो गुरगुरता खर्ज, सोडून दिलं होतं. त्यानंतर चाहत्यांत सरळ दोन तट पडले. एकांना जुना, जड ओपेथ हवा होता. दुसऱ्यांना सत्तरीच्या प्रॉगकडे वळलेला नवा. सोळा वर्षांनी ग्रोल परत आलं म्हटल्यावर जगभर जल्लोष झाला, पण त्यातला बराचसा जल्लोष अल्बम ऐकायच्या आधीचाच होता!

अल्बम एका मृत्युपत्राचा आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एक श्रीमंत, जुलमी बाप वारलाय आणि त्याची मुलं मृत्युपत्राचं वाचन ऐकायला जमली आहेत. पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, कलमांसारखे नुसते क्रमांक. आठव्याला तेवढं नाव आहे, आणि त्यात काय उलगडतं ते मी इथे फोडणार नाही. निवेदनाला जेथ्रो टलचा इयन अँडरसन आहे, त्याची बासरीही आहे.

इंजिनिअरसाहेबांनी आधीच स्पष्ट सांगितलं: मला ग्रोल नको होतं, मी जेथ्रो टल ऐकत वाढलो, माझा ओपेथ २०११नंतरचा, ग्रोल सोडलेला. नर्सबाईंची अपेक्षा नेमकी उलटी. आणि ऐकून झाल्यावर दोघं एकाच जागी बोट ठेवत होते. ग्रोल हा इथे मेलेल्या बापाचा आवाज आहे. ज्याने घराला आयुष्यभर धाकात ठेवलं त्याचा आवाज याहून वेगळा असूच शकत नाही. पूर्वी ग्रोल गाण्यांत असायचं, इथे ते पात्रात आहे, असं नर्सबाई म्हणाल्या, आणि या अल्बमबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच. इंजिनिअरसाहेबांच्या वहीतल्या फुल्या वेगळ्याच कारणासाठी होत्या. कल्पना फार दाट झाल्यात, एक सूर मनात मुरायच्या आत दुसरा येतो, ही त्यांची तक्रार. मला ती पटते. तरीही ‘वॉटरशेड’नंतरचा हा ओपेथचा सर्वोत्तम अल्बम आहे, यावर मी ठाम आहे. पन्नासेक मिनिटांत एवढं नाटक उभं करायचं तर दाटी होणारच.

ड्रीम थिएटरच्या वेळी वाद एकाच माणसाभोवती फिरला. ड्रमर माइक पोर्टनॉय २०१०मध्ये बँड सोडून गेला, २०२३मध्ये परतला. मधली वर्षं माइक मँजिनीने सांभाळली. ध्वनिमुद्रणवाल्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे कबूल केलं की आपण अल्बमपेक्षा पोर्टनॉयचीच वाट बघत होतो. मग त्यांनी २०२१च्या अल्बममधला एक तुकडा आणि नव्यातला एक तुकडा पाठोपाठ लावला. मँजिनीचा प्रत्येक ठोका घड्याळासारखा जागच्या जागी. पोर्टनॉय मात्र गिटारच्या पुढे-मागे होत तिला ढकलत नेतो. फरक आहे, आणि तो कानाला कळतो. पण ड्रमर परतला म्हणून रचना ताज्या होत नाहीत, हे माझं मत मी तिथे मांडलं. झोपेच्या विकारांचा विषय उत्तम निवडलाय, शेवटची एकोणीस मिनिटांची रचना खरोखर थोर आहे, पण मधला बराच भाग बँडने स्वतःच्याच जुन्या वाटांनी चालत काढलाय.

त्या रात्री एक गंमत झाली. विषम ताल मोजताना माझा हात आपोआप टाळी-खाली करत होता, ते शिक्षकांनी पाहिलं. मग मी त्यांना सात मात्रांचा रूपक करून दाखवला आणि सांगितलं की यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, टाळीवर नाही, खालीवर येते. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ही सात मात्रांचं, म्हणून ते लावून सगळ्यांनी रूपकात मोजून पाहिलं. गाण्याचा जोर पहिल्या मात्रेवर पडतो आणि आपला हात तिथेच हलका उलटतो. ही ओढाताण त्यांना इतकी आवडली की ‘मनी’ पुन्हा लावायला लागलं.

जेथ्रो टलवर फार बोलणं झालं नाही. अँडरसन १९४७चा, आवाज पूर्वीचा राहिलेला नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते तोंडावर बोलूनही दाखवलं. डच माणसं अशा बाबतीत आडपडदा ठेवत नाहीत. पण सोळा-सतरा मिनिटांच्या ‘ड्रिंक फ्रॉम द सेम वेल’ला सगळ्यांनी मान दिला. आज जेवढा आवाज उरलाय तेवढ्यातच शोभेल असं तो लिहितो, यात मला मोठी कारागिरी दिसते.

आणि मग विल्सन. इथे माझी अपेक्षा सांगायची पाळी आली तेव्हा मला मुंबईतल्या शिक्षणाच्या दिवसांपर्यंत मागे जावं लागलं. २००९च्या डिसेंबरात विल्सनचा बँड पॉर्क्युपाइन ट्री पवईला, आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवायला आला होता. गर्दीत मी होते. तेव्हापासून विल्सनच्या प्रत्येक नव्या कामात मी त्या रात्रीची गिटार शोधते. हे मोठ्याने बोलल्यावर ‘द ओव्हरव्ह्यू’ मला मोकळ्या मनाने ऐकता आला.

अल्बममध्ये दोनच रचना, एक तेवीस मिनिटांची, एक अठरा. पृथ्वीकडे अंतराळातून बघताना अंतराळवीरांच्या मनात जी उलथापालथ होते, ती त्याचा विषय. पहिल्या रचनेतल्या एका भागाचे शब्द एक्सटीसी या इंग्लिश बँडच्या अँडी पार्ट्रिजने लिहिलेत. तिथे एकीकडे माणसांची रोजची बारीकसारीक दुःखं आहेत, दुसरीकडे दूर कुठेतरी तारे नाहीसे होतायत, आणि दोन्ही एकाच चालीत, एकाच श्वासात. माझ्या मते विल्सनच्या अलीकडच्या कामात याच्या तोडीचं काही नाही. मोठं विश्व दाखवून माणसाला क्षुद्र ठरवणं सोपं असतं. इथे मात्र त्या क्षुद्र माणसाच्या रडण्याला पूर्ण जागा दिली आहे.

दुसऱ्या रचनेच्या सुरुवातीला विल्सनची पत्नी रोटेम अवकाशातल्या वस्तू आणि त्यांची वाढत जाणारी अंतरं वाचत जाते, खाली नुसता इलेक्ट्रॉनिक ठेका. इंजिनिअरसाहेबांना हे कोरडं वाटलं. आकडे वाचणं म्हणजे संगीत नव्हे, असं त्यांचं म्हणणं. शिक्षक एरवी शांत, पण इथे त्यांचा आवाज चढला. दहाचे घात मी आयुष्यभर फळ्यावर लिहिले, मुलं जांभया देत राहिली, आणि आज पहिल्यांदा त्या शून्यांची भीती वाटली, असं ते म्हणाले. वाद मिटला नाही. मी शिक्षकांच्या बाजूची आहे, पण त्या रचनेचा शेवट वाजवीपेक्षा लांबतो हेही मला मान्य आहे.

तेवीस मिनिटांची रचना आज करणं हे किती धाडसाचं आहे, हे ध्वनिमुद्रणवाल्यांनी समजावून सांगितलं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते. मग ते दोन मिनिटांचं असो की तेवीस, मोजणी एकच. म्हणजे दोन रचनांचा अल्बम काढणारा कलाकार त्या हिशेबात बारा गाणीवाल्याच्या कितीतरी मागे पडतो. अशा माणसाला टिकवून धरतात ते रेकॉर्ड विकत घेणारे, तिकीट काढणारे. मॅरिलियन या इंग्लिश प्रॉग बँडचं उदाहरण इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९९७मध्ये अमेरिकेतल्या चाहत्यांनी सुमारे ६०,००० डॉलर जमवून त्यांचा दौरा घडवला, आणि २००१चा अल्बम तर बारा हजारांहून जास्त लोकांनी तो तयार होण्याआधीच पैसे भरून शक्य केला. डच चाहता नव्या अल्बमवर एवढ्या हक्काने बोलतो, त्यामागे हे आहे.

आपल्याकडच्या मित्रमैत्रिणींचे निरोप मला अल्बम आल्याच्या सकाळीच येतात: ‘बकवास’, नाहीतर ‘मास्टरपीस’. सव्वा तासाचा अल्बम, आणि येऊन अर्धा तासही झालेला नसतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण कान आपल्याकडे कमी नाहीत. एक तान चुकली तर मागच्या रांगेतला माणूस मान हलवायचा थांबतो, असे श्रोते आपल्याकडे आहेत. तो कान या संगीतालाही द्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर यजमानांनी मला हवं ते लावायला सांगितलं. मी मुंबईच्या कोशिश या बँडचा ‘फिरदौस’ नेला. २०१३चा, हिंदीतला, पण त्या खोलीत सगळ्यांसाठी नवाच. रिवाजाप्रमाणे आधी अपेक्षा. नर्सबाई म्हणाल्या, सतार आणि तबला. इंजिनिअरसाहेबांनीही मान डोलावली. मग वाजला तो सावकाश चढत जाणारा, गिटारचा जड रॉक, आणि भाषा कळत नसूनही खोलीत कुणी हललं नाही. संपल्यावर पहिला प्रश्न शब्दांच्या अर्थाचा आला. मी सांगितलं की या अल्बममधली गाणी मुद्दाम उलटसुलट क्रमाने ठेवली आहेत, खरा क्रम ऐकणाऱ्याने शोधायचा. झालं! शिक्षकांनी कागद मागितला. इंजिनिअरसाहेबांनी वहीत नवं पान उघडलं. शेवटची ट्राम जवळ आली तेव्हा टेबलावर दोन वेगवेगळे क्रम तयार होते, दोघांपैकी कुणी मागे हटायला तयार नव्हतं, आणि पुढच्या वेळी सगळ्या गाण्यांचं भाषांतर घेऊन यायचं काम माझ्याकडे आलं.