तुमच्यात पहिली कोण आली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी आणि माझी मैत्रीण इथे अमेरिकेत अडथळ्यांच्या शर्यती जोडीने धावतो, त्याबद्दलचा हा प्रश्न. तसे विचारणारे तुम्ही एकटे नाही. चिखलाने माखलेला आम्हा दोघींचा फोटो घरच्या ग्रुपवर गेला की नाशिकच्या मावशीचा फोन येतो. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या काकू मागे वळून विचारतात. ऑफिसातही तेच. "मग, तुमच्यात पहिली कोण आली?" दोघी बरोबरच आलो म्हटलं की समोरच्याचा हिरमोड होतो. "बरोबरच यायचं होतं तर बागेत चक्कर मारायची, त्यासाठी डॉलर कशाला मोजायचे?" असं मावशीने स्पष्टच सुनावलं.

मनगटावरच्या वेळ नोंदवणाऱ्या चिपला विचारलंत तर मैत्रीण पहिली. शेवटी पेटत्या लाकडांवरून उडी असते, फोटोवाल्याने हात केला म्हणून आम्ही एकदम उडी मारली, पण वेळ मोजणाऱ्या पट्टीवर तिचा पाय आधी पडला. निकालात आमच्या दोघींच्या नावांमध्ये एक तिसरीच बाई आहे, ती कोण देव जाणे. एवढ्याने तुमचं भागत असेल तर इथेच थांबायला हरकत नाही.

ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी आधी शर्यतीबद्दल. न्यू जर्सीच्या उत्तर टोकाला व्हर्नन गावात माउंटन क्रीक नावाचा स्कीचा डोंगर आहे. हिवाळ्यात लोक जिथून घसरत खाली येतात, तिथेच वसंतात स्पार्टन रेसवाले आम्हाला वर चढायला लावतात. आमची ती 'स्प्रिंट', म्हणजे 5 किलोमीटर आणि 20 अडथळे. पाच किलोमीटर ऐकून हसू नका. सपाट रस्त्यावर माझं ते अर्ध्या-पाऊण तासाचं काम. इथे खालपासून माथ्यापर्यंत उंचीतला फरक हजार फुटांचा, त्यात तारेखालून सरपटा, भिंती चढा, वाळूची पोती खांद्यावर घेऊन त्याच डोंगरावर एक फेरी मारा. एप्रिल सरत आलेला असतो, पण डबक्यातल्या पाण्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. अडथळा पार नाही झाला तर शिक्षा बर्पींची, आम्ही काढल्या तेव्हा 30. बर्पी म्हणजे उभ्याचं आडवं व्हायचं, एक जोर काढायचा, उठून उडी मारायची. आपल्या तालमीतल्या वस्तादाला हा प्रकार आवडला असता.

जो डी सेना नावाच्या गृहस्थांनी 2010 साली व्हरमाँटमध्ये हे स्पार्टन प्रकरण सुरू केलं. कल्पना त्यांच्याही आधीची. इंग्लंडात स्टॅफर्डशरमधल्या एका शेतावर 'टफ गाय' नावाची चिखलातली शर्यत 1987 पासून व्हायची. आणि मुळाकडे जायचं तर फ्रान्सच्या नौदलातले जॉर्ज एबेर. सैनिकांना धावणं, चढणं, उचलणं, पोहणं, तोल सांभाळणं हे सगळं उघड्यावर, एकापाठोपाठ एक करायला लावायचं, ही पद्धत त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजवली. बलवान व्हायचं ते उपयोगी पडण्यासाठी, असं त्यांचं म्हणणं होतं. बलवान व्हायचं ते पहिलं येण्यासाठी, असं ते म्हणत नव्हते, एवढं मावशीसाठी नोंदवून ठेवते.

आता नियम, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. स्पार्टनमध्ये तीन तऱ्हेचे धावक असतात. एलिट आणि वयोगटवाले खरे स्पर्धक. त्यांना अडथळ्यावर कुणाचा हात घ्यायचा नाही, द्यायचा नाही. तिसरा गट ओपन, आमच्यासारख्यांचा. तिथे खांदा द्या, गुडघा द्या, वरून हात ओढा, सगळं चालतं. 'टफ मडर' नावाची दुसरी शर्यत तर याच्याही पुढची. तिथे सुरुवातीच्या रेषेवर सगळ्यांकडून शपथच वदवून घेतात, की ही शर्यत नव्हे आणि मी माझ्या वेळेपेक्षा सोबत्यांना वर ठेवीन. उलट टोक बघायचं असेल तर 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिककडे बघा. टोकियोत एका घोड्याने ऐनवेळी उड्या मारायला नकार दिला, स्वार बाई रडकुंडीला आली, जगभर ओरड झाली, आणि मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतून घोडेस्वारीच गेली. तिच्या जागी आता अडथळ्यांची शर्यत येते आहे. तिथे मात्र शेजारच्या पट्ट्यातल्या माणसाला हात देऊन चालणार नाही. तेव्हा पहिलं कोण आलं हे जरूर विचारा.

आमची जोडी जमली ती अडथळ्यांमुळेच. ती पुण्याची, लहानपणी व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब केलेली. मी रत्नागिरीकडची, पाठीला डबा बांधून घरच्या विहिरीत ढकलून दिलेली. तिला उंचीचं काही वाटत नाही, गढूळ पाण्याचं वाटतं. माझं बरोबर उलट.

दोर चढणं हा तिचा अडथळा असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. दोर दीड मजला उंच, वर टांगलेली घंटा वाजवायची आणि उतरायचं. मल्लखांबाची दोरी बारीक सुताची, पाय उघडे, आणि सगळी पकड अंगठा नि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात. त्या पकडीवर ती उलटीसुद्धा लटकायची. इथे दोर मनगटाएवढा, आधीच्या शेकडो लोकांनी चिखल पुसून ठेवलेला, आणि पायात बूट. म्हणजे जिच्यावर भिस्त ती बोटं बुटात कोंडलेली. पहिल्या सरावाला ती दोराशी जाऊन नुसती उभी राहिली, पाय कुठे ठेवायचे ते तिच्या पायांना कळेना. मग आम्ही दोघी नव्याने शिकलो: दोर एका बुटाखालून घ्यायचा, दुसऱ्या बुटाने वरून चिमटायचा, आणि त्या चिमट्यावर उभं राहायचं. हातांनी अंग ओढत गेलात तर अर्ध्यावर दंड संपतात. दोर चढायचा तो पायांनी, हात फक्त मागे पडू देत नाहीत. तिला हे मिनिटभरात उमगलं. मल्लखांबाची अढी, म्हणजे पायांची पकड, शिकलेल्या माणसाला पायांवर विश्वास ठेवायला सांगावं लागत नाही. मी अजूनही कधी वर पोचते, कधी नाही.

दोरावर तुम्हाला कुणी मदत करू शकत नाही, नुसतं बोलू शकतं. आणि काय बोलायचं यावरून आमचं एकदा सरावात चांगलंच वाजलं. मी लोंबकळते आहे, आणि खालून हिचं चाललंय, "चल चल, जमेल तुला, अगदी जवळ आलीस!" मी वरूनच ओरडले, "अगं, जवळ आलेय ते मला दिसतंय, पाय कुठे ठेवू ते सांग!" तेव्हापासून ती मल्लखांबाच्या बाईंच्या आवाजात सांगते. गुडघे छातीशी. चिमट. ऊठ. गुडघे छातीशी. चिमट. ऊठ. यात 'शाब्बास' नाही, 'तू करू शकतेस' नाही. चढताना कानांना तेवढंच पुरतं. शर्यतीत दिवसभर आजूबाजूला प्रोत्साहनाचा पूर असतो, अमेरिकन लोक त्यात उदार, अनोळखी माणूससुद्धा तुम्हाला 'ऑसम' म्हणून जातो. छान वाटतं. पण भिंतीवर अडकलेल्या बाईला 'उजवा पाय अजून एक वीत वर घे' हे ऐकायचं असतं. सोबत धावायला कुणाला न्यावं असं विचाराल तर मी म्हणेन, उत्साही माणूस नको, नीट बघणारा हवा.

पाण्यात पारडं फिरतं. डंक वॉल म्हणजे चिखलाच्या खड्ड्यात आडवी टाकलेली भिंत. तिचा खालचा काठ पाण्यात बुडालेला, पलीकडे जायचं तर डोकं पाण्याखाली घालावंच लागतं. अंतर हातभर. पण पाणी चहाच्या रंगाचं आणि खाली काही दिसत नाही. ती कमरेएवढ्या पाण्यात भिंतीवर दोन्ही तळवे टेकून उभी राहते आणि गप्प होते. एरवी बोलून बोलून डोकं उठवणारी बाई. इथे मी 'घाबरू नकोस' म्हणत नाही, कारण ती घाबरलेली आहे हे आम्हा दोघींना ठाऊक असतं. ठरलेलं असं: मी आधी जायचं, पलीकडे निघून भिंतीवर तीनदा थाप मारायची. थाप ऐकली की रस्ता मोकळा आहे हे तिला कळतं. मग तिने नाक धरून खाली जायचं, आणि मी पाण्यात हात घालून तिच्या दंडाला धरायचं, ओढायचं मात्र नाही. ओढलं तर तिचा श्वास सुटतो. वर आली की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय घाण पाणी आहे गं!" आणि बोलणं पुन्हा सुरू.

बादलीच्या टप्प्यावर मात्र आम्ही एकमेकींना सोडून देतो, आणि हे लोकांना सगळ्यांत विचित्र वाटतं. खडीने भरलेली बादली दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून चढावर न्यायची असते, कडीला धरून नव्हे. ज्याची त्याची एक लय असते. दुसरीसाठी मध्येच थांबलं, बादली खाली ठेवली, की ती परत उचलताना कंबर जाब विचारते. म्हणून जिला जशी जमेल तशी तिने न्यायची आणि जिथे बादली ठेवायची तिथे थांबायचं. एकत्र धावणं म्हणजे सगळा वेळ खांद्याला खांदा लावून असणं, हा समज कुणी करून दिला कोण जाणे. आमची निम्मी शर्यत एकमेकींना न दिसता होते.

थांबण्याचं आणखी एक गणित आहे, ते भाल्याचं. वीस-पंचवीस फुटांवर गवताचा पुतळा, भाल्याला मागे दोर बांधलेला, संधी एकच. भाला रुतला तर ठीक, आपटून खाली पडला तर बर्पी. चांगल्या चांगल्या धावकांचा इथे निकाल लागतो, कारण दमलेल्या हाताला नेम राहत नाही. आमच्यापैकी एकीचा तरी चुकतोच. ओपन गटात बर्पी वाटून घेतल्या तर कुणी डोळे वटारत नाही, पण तिला ते पसंत नाही. "तुझा भाला, तुझ्या बर्पी. माझा असता तर मी तुला करू दिल्या असत्या का?" तत्त्व मला मान्य आहे. अडचण थंडीची आहे. अंग ओलं, डोंगरावरचा वारा, आणि ती तिच्या तीस पुऱ्या करेपर्यंत मी उभी राहिले तर पाच मिनिटांत दात वाजायला लागतात. म्हणून मीही शेजारी बर्पी काढते, माझ्या स्वतःच्या, हिशेबात न धरण्याच्या. बघणाऱ्यांना वाटतं काय ही मैत्री! ऊब हवी असते, बाकी काही नाही.

आठ फुटी भिंतीवर ती मला म्हणते, "ढकलू नकोस हं, नुसता गुडघा दे." मी भिंतीला पाठ लावून अर्धी बसते, ती मांडीवर पाय ठेवून वर जाते, मग वरून हात देते. मी चढणार तेवढ्यात मागून बहुधा कुणीतरी एकटीच आलेली भिंतीकडे टक लावून उभी असते. तिलाही मांडी देतो. दोन तास, क्वचित त्याहून थोडे जास्त, या सगळ्यात जातात. एकटी धावले तर माझा वेळ कमी होईल का? बादलीपर्यंत होईल. दोराशी आणि भिंतीशी तो सगळा बर्पींत परत जाईल. तिचा डंक वॉलपाशी जाईल. आम्ही दोघींनी कागदावर बेरीज करून पाहिली आहे, फारसा फरक पडत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे: आम्ही मैत्रिणी-मैत्रिणी येऊ का? या की. नोंदणी करताना दोघींनी सुटण्याची वेळ एकच निवडा, अर्ध्या तासाचं अंतर पडलं तर पुढचं सगळं व्यर्थ. सुती कपडे नकोत, भिजले की अंगाला लोंबतात आणि वाळत नाहीत. बुटांचे तळवे खाचांचे हवेत. कुठे हात द्यायचा, कुठे नाही, कुठे थांबायचं, हे जाताना गाडीतच बोलून घ्या, डोंगरावर दम लागल्यावर शहाणपणाची चर्चा होत नाही. कोरडे कपडे पिशवीत, आतल्या कपड्यांसकट, ते हमखास विसरतात. थर्मासमध्ये चहा. आणि सीटवर अंथरायला जुन्या चादरी, गाडी भाड्याची असेल तर जरा जास्तच.